बायपोलर डिप्रेशन आणि टॉक थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायपोलर म्हटले की मेनिया, म्हणजे मूड बेफाम चढणे, आठवतो. मग इथे सगळा भर डिप्रेशनवर का?

कारण रुग्णाचे आठवडे मोजले तर डिप्रेशनचे आठवडे कितीतरी जास्त भरतात. मेनिया सगळ्यांना दिसतो: रात्रभर जागणे, पैसे उधळणे, भांडणे. डिप्रेशन बंद खोलीत असते आणि घरात ते ‘आळशीपणा’ या नावाखाली खपून जाते. अमेरिकेत बायपोलर १ (ज्यात पूर्ण मेनिया येतो) असलेल्या १४६ जणांवर सरासरी १३ वर्षांच्या आसपास लक्ष ठेवले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास ३२ टक्के आठवड्यांत डिप्रेशनची लक्षणे होती, तर मेनिया किंवा हायपोमेनियाची (मेनियाच्या सौम्य रूपाची) सुमारे ९ टक्के आठवड्यांत. बायपोलर २ (ज्यात हायपोमेनिया येतो, पूर्ण मेनिया नाही) वरच्या वेगळ्या अभ्यासात तर निम्मे आठवडे डिप्रेशनचे निघाले आणि हायपोमेनियाचे जेमतेम एक टक्का. औषधांनी मेनिया बहुधा लवकर आटोक्यात येतो. मागे रेंगाळणारे डिप्रेशन चिवट असते, आणि थेरपीचे बरेचसे काम तिथेच आहे.

मला आधी साधे डिप्रेशन सांगितले होते, थेरपीही झाली. निदान बदलले म्हणून थेरपी का बदलायची?

लक्षणे सारखी दिसली तरी उपचाराचे उद्दिष्ट वेगळे आहे. साध्या डिप्रेशनमध्ये मूड वर आला की सगळे खूश. बायपोलरमध्ये तो वर येऊन सपाटीवर थांबला पाहिजे. थांबला नाही तर पुढचा जिना हायपोमेनियाचा असतो.

त्यामुळे साध्या डिप्रेशनमध्ये चालणाऱ्या काही युक्त्या इथे जपून वापराव्या लागतात. ‘भरपूर कामे हाती घ्या, मोठी ध्येये ठेवा’ हा सल्ला मूड चढू लागलेल्या माणसाला आणखी वर ढकलतो. निद्रानाशासाठी अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची पद्धत जशीच्या तशी वापरली तर झोप तुटून मेनियाला आमंत्रण मिळू शकते. दर आठवड्याला ‘खाली किती आहात?’ एवढेच विचारून भागत नाही, ‘वर किती आहात?’ हेही विचारावे लागते.

औषधे बंद करून फक्त थेरपी घेतली तर?

नाही. बायपोलर १ मध्ये तर हा प्रयोग करूच नका. ज्या मोठ्या अभ्यासांत थेरपीचा उपयोग दिसला, त्यांत लोक औषधांवर होते आणि थेरपी त्यात मिळवलेली होती. विशेषतः लिथियम हे मूड स्थिर ठेवणारे औषध एकदम थांबवले की पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा धोका वाढतो.

मात्र गोळ्या नकोशा होणे स्वाभाविक आहे आणि ते थेरपीत बोलण्याचेच काम आहे. हात थरथरतात, तहान फार लागते, वजन वाढले, कल्पना सुचेनाशा झाल्या, ‘रोज गोळी घेताना आपण आजारी आहोत हे आठवते’ ही सगळी कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा. पहिल्या तीन कारणांसाठी थेरपिस्टसोबत बसून डॉक्टरांना विचारायच्या तीन ओळी लिहाव्या. मात्रा, वेळ, गोळीचा प्रकार यात बरेच बदल करता येतात. लिथियमवर असताना थरथर अचानक वाढली, उलट्या-जुलाब झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पुढच्या सेशनची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रक्तातले प्रमाण वाढल्याची ही खूण असू शकते.

मग थेरपीने नेमका किती फरक पडतो?

या प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला ‘स्टेप-बीडी’. त्याचा थेरपीचा भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ केंद्रांवरच्या, डिप्रेशनमध्ये असलेल्या २९३ जणांचे दोन गट केले, औषधे दोन्ही गटांना. एका गटाला ९ महिन्यांत कमाल ३० सेशन्सची पूर्ण थेरपी आणि दुसऱ्याला ६ आठवड्यांत ३ भेटींत आजाराची माहिती. वर्षभरात पहिल्या गटातले सुमारे ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, दुसऱ्यातले सुमारे ५२ टक्के. बाहेर यायला लागलेला मध्यक काळ १६९ दिवस विरुद्ध २७९ दिवस.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. साडेतीन महिने आधी बरे होणे ही मोठी गोष्ट आहे, नोकरी टिकणे किंवा जाणे यातले ते अंतर असू शकते. पण पूर्ण थेरपी मिळूनही तिघांतला एक जण वर्षाअखेर बाहेर आलेला नव्हता. ‘दहा सेशनमध्ये गॅरंटी’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

थेरपीचे प्रकार कोणते? मला कोणती लागू पडेल?

चार नावे कानावर येतील.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) विचार आणि वागणूक यांवर काम करते. आयपीएसआरटी (इंटरपर्सनल अँड सोशल रिदम थेरपी) दिनक्रम आणि नातेसंबंध या दोन टोकांनी पकडते. ती पिट्सबर्ग विद्यापीठात एलन फ्रँक यांनी विकसित केली. कुटुंबकेंद्री थेरपी घरच्यांना सोबत घेते, तिच्यामागे डेव्हिड मिक्लोविट्झ यांचे काम आहे. चौथे मनोशिक्षण, म्हणजे आजार, औषधे, झोप, व्यसने आणि पूर्वखुणा (आजार उलटण्याआधी दिसणारी चिन्हे) यांचा गटाने केलेला पद्धतशीर अभ्यासक्रम. बार्सिलोनातल्या गटाचा २१ सेशनचा अभ्यासक्रम यात सर्वाधिक नावाजलेला, आणि पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही त्याचा फायदा टिकलेला दिसला. तो मात्र मूड स्थिर असलेल्या लोकांना शिकवलेला होता. डिप्रेशनच्या तळाशी दीड तासाचा वर्ग डोक्यात शिरत नाही.

स्टेप-बीडीत पहिल्या तिन्ही पद्धतींत ठळक फरक निघाला नाही. म्हणून नावापेक्षा परिस्थिती पाहावी. घरात रोज खटके उडत असतील तर कुटुंबकेंद्री थेरपी, झोप-जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या असतील तर आयपीएसआरटी, अपराधीपणा आणि स्वतःवरची टीका थांबत नसेल तर सीबीटी. माइंडफुलनेसचा (आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याच्या सरावाचा) उपयोग चिंता कमी करायला होतो, आजार पुन्हा उलटणे त्याने थांबते असे म्हणता येत नाही.

दिनक्रमाचा तक्ता भरायला सांगितला आहे. उठण्या-झोपण्याच्या वेळा लिहून डिप्रेशन कसे जाणार?

आयपीएसआरटीतला हा तक्ता पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण तो शाळेतल्या वहीसारखा दिसतो. आमच्या मते सगळ्या थेरपीत सर्वात कमी कौतुक झालेली आणि सर्वात जास्त कामाला येणारी गोष्ट हीच.

शरीराचे घड्याळ बाहेरच्या खुणांवर लागते. उजेड ही एक खूण. कोणाशी तरी बोलणे, कामाला लागणे, जेवणे या दुसऱ्या. बायपोलरमध्ये हे घड्याळ नाजूक असते. नोकरी सुटली, घरात मृत्यू झाला, बाळ झाले, परदेश प्रवास झाला की आधी या खुणा हलतात, मग झोप, मग मूड.

तक्त्यात पाच गोष्टी असतात: अंथरुणातून उठणे, दिवसातले पहिले बोलणे, काम, अभ्यास किंवा घरकाम सुरू करणे, रात्रीचे जेवण आणि अंथरुणात जाणे. प्रत्येकासमोर ठरवलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि सोबत कोण होते याचा आकडा: एकटे असाल तर ०, कोणी नुसते आसपास असेल तर १, त्यांचा सहभाग असेल तर २, फार उत्तेजित करणारी सोबत असेल तर ३. शेवटी दिवसाचा मूड, उणे ५ ते अधिक ५. ठरलेल्या वेळेच्या ४५ मिनिटे आगेमागे झाले तर ‘वेळेवर’ धरायचे.

एक भरलेला आठवडा पाहू. उठण्याची ठरलेली वेळ ७:३०. सोमवार ७:४०, मंगळवार ७:५०, बुधवार ११:१५, गुरुवार १०:३०, शुक्रवार ८:००, शनिवार १२:१०, रविवार ११:४५. मूड अनुक्रमे उणे २, उणे २, उणे ३, उणे ३, उणे २, उणे ४, उणे ४. सातांपैकी तीन दिवस वेळेवर. आता मंगळवारची रात्र पाहा: झोपण्याची वेळ १:३०, सोबतीच्या रकान्यात ३, शेजारी टीप ‘भावाशी फोनवर वाद’. म्हणजे बुधवारची सकाळ मंगळवारी रात्रीच बिघडली होती. शनिवार-रविवारी मात्र वाद नव्हता, फक्त कामाला जायचे नव्हते. इथून सेशनला धरायला दोन दोऱ्या मिळतात: रात्री नऊनंतर भावाचा फोन घ्यायचा की नाही, आणि सुट्टीच्या सकाळी कोणता आधार लावायचा. (उशिरा उठल्याने मूड पडला की मूड पडल्याने उशीर झाला, हे एका आठवड्यावरून सांगता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी अंदाज येतो.)

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद. दुसऱ्या आठवड्यात एकच वेळ पकडा आणि ती उठण्याची असू द्या. झोप हुकमाने येत नाही, उठता मात्र येते. ११ ला उठणाऱ्याने ७ चे स्वप्न पाहू नये. १०:३० ठरवा, चार-पाच दिवस जमले की १०. उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात जा आणि एका माणसाशी बोला, दोन वाक्ये चालतील.

तक्ता सर्वात जास्त बिघडतो तो शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात दिवसांचा एकदम भरल्यामुळे. तेव्हा सगळ्या वेळा गोल आकड्यांत येतात आणि सगळे मूड त्या संध्याकाळसारखे. उशीजवळ कागद आणि पेन ठेवा, रात्री दोन मिनिटे द्या. एखादा दिवस राहिला तर रिकामा सोडा.

रात्री झोप लागत नाही, दिवसा मात्र बारा-बारा तास पडून असतो. यावर काय करतात?

बायपोलर डिप्रेशनमध्ये जास्त झोप हे नेहमीचे लक्षण आहे. उठण्याची वेळ स्थिर करणे, दिवसाची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी ठेवणे, झोपण्यापूर्वीचा तास मंद उजेडात घालवणे हे पहिले उपाय. अंथरुणातला वेळ कमी करायचा झाला तर बायपोलरसाठी बेतलेल्या झोपेच्या सीबीटीत तो साडेसहा तासांच्या खाली नेत नाहीत. आणि एखाद्या रात्री तीन-चार तासच झोप होऊनही सकाळी ताजेतवाने वाटले, तर थेरपी लागू पडली म्हणून खूश होऊ नका. ती रात्र तक्त्यात लाल शाईने लिहा. सलग दुसरी रात्र तशीच गेली तर डॉक्टरांना फोन करा.

सीबीटी म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असेच ना?

तसे असते तर शेजारीपाजारी ते काम फुकट करतातच. इथे विचार बदलायच्या आधी तपासला जातो, आणि बायपोलरमध्ये त्यात एक अडचण येते: वाईट विचारांतले काही खरे असतात. मेनियात झालेले कर्ज खरेच झालेले असते. तोडून बोललेले शब्द माणसांना खरेच लागलेले असतात. ‘असे काही नाही हो’ म्हणणारा थेरपिस्ट तिथे लगेच विश्वास गमावतो.

समजा, विचार आहे: ‘मी घर बुडवलं. आता कोणीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.’ यावर विश्वास १०० पैकी ९०. याची दोन वाक्ये वेगळी काढायची. पहिल्याची चौकशी कागदावर होते: कर्ज एकूण किती, हप्ता किती, किती फिटले. ‘बुडवलं’ या शब्दाच्या जागी आकडा आला की भीतीला हद्द पडते. दुसऱ्या वाक्यात ‘कोणीच’ आणि ‘आता’ हे दोन शब्द तपासायचे. गेल्या दोन आठवड्यांत कोणी काही सोपवले का? शेवटी वाक्य असे काहीसे बनते: ‘मेनियात मी कर्ज केलं. फेडायला वेळ लागेल. बायको रागावली आहे, तरी कालच तिने मुलाच्या शाळेचा निर्णय मला विचारूनच घेतला.’ जुन्या विचारावरचा विश्वास ९० वरून ६० आला तरी पुष्कळ झाले. शून्यावर आणायचा हट्ट धरला की माणूस थेरपिस्टला बरे वाटावे म्हणून खोटे आकडे सांगू लागतो.

मग उरते ते दुरुस्तीचे काम. कोणाची माफी मागायची, कोणत्या शब्दांत आणि केव्हा. डिप्रेशनच्या तळाशी असताना माफीच्या फेऱ्या काढू नका. तेव्हा माणूस न केलेल्या गोष्टींचीही माफी मागतो.

मूड वर असतानाचे विचारही याच पद्धतीने तपासतात. ‘मला आता गोळ्यांची गरज नाही’ हाही विचारच आहे, पुरावा त्यालाही द्यावा लागतो.

अंथरुणातून उठवत नाही. होमवर्क कसे करणार?

होमवर्क मोठे दिले गेले असणार. ‘रोज अर्धा तास चालणे’ हे या अवस्थेत डोंगरासारखे असते. ‘नऊ वाजता पडदा उघडून दहा मिनिटे पलंगाच्या कडेला बसणे’ हे होमवर्क. करण्याआधी लिहा: किती बरे वाटेल, ० ते १०. केल्यावर पुन्हा लिहा. बहुतेकदा अंदाज १ चा असतो आणि प्रत्यक्षात २ किंवा ३ येतो. डिप्रेशनमधला अंदाज किती चुकतो हे आपल्याच अक्षरात दिसणे ही या व्यायामाची खरी मजा.

सातांपैकी पाच दिवस जमले की पुढची पायरी, नाही जमले तर पायरी अर्धी करा. ‘इच्छा झाली की करीन’ असे ठरवू नका, घड्याळाची वेळ ठरवा. आणि मूड उणे १ च्या वर आला की कामे दुप्पट करायचा मोह आवरा. आठवड्याला एकच नवी गोष्ट, आणि विश्रांतीची वेळही तक्त्यात लिहिलेली.

बरे वाटू लागले की ते खरे बरे वाटणे आहे की हायपोमेनियाची सुरुवात, हे कसे ओळखावे?

एका दिवसावरून ओळखता येत नाही, म्हणून आधीच यादी करून ठेवतात. मागच्या दोन-तीन वेळा मूड चढला तेव्हा पहिल्या आठवड्यात काय काय बदलले, हे तुम्ही आणि घरचा एक माणूस वेगवेगळे लिहा, मग याद्या जुळवा. सर्वसाधारण ‘उत्साह वाढतो’ काही कामाचे नाही. ‘रात्री एकनंतर मित्रांना लांबलचक मेसेज जातात’, ‘एकाच दिवशी तीन नवे कोर्स शोधतो’, ‘गाणी मोठ्याने लावतो’, ‘बोलताना समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही’ इतके बारीक हवे. तशीच यादी मूड पडतानाचीही: अंघोळ टाळणे, फोन उलटा ठेवणे, एकच शर्ट तीन दिवस.

खरे बरे वाटताना झोपेचे तास टिकतात, थकवा येतो आणि कोणी ‘नको’ म्हटले तर राग येत नाही. चढताना झोप कमी होते, थकवा मात्र नाही, आणि अडवणारा प्रत्येक माणूस मूर्ख वाटतो.

सीबीटीतले दोन नियम इथे उपयोगी पडतात. मोठी खरेदी, राजीनामा, गुंतवणूक, नवे नाते: काहीही ४८ तास थांबून. आणि दोन माणसांना विचारून, तीही दोन्ही आपल्या होत हो मिसळणारी नकोत. पुरावे सांगायचे तर, १९९९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात पूर्वखुणा ओळखून लगेच मदत घ्यायला शिकवल्यावर मेनियाचे उलटणे लांबले, डिप्रेशनचे मात्र नाही. डिप्रेशन इतके हळू उतरते की पहिली पायरी कोणती हेच कळत नाही. तिथे तक्ता यादीपेक्षा जास्त कामाला येतो.

घरच्यांनी सेशनला यायची गरज आहे का? त्यांच्यासमोर बोलायला संकोच वाटतो.

सगळ्या सेशनला नाही. पण सगळीच सेशन्स त्यांच्याशिवाय झाली तर थेरपिस्टला अर्धेच चित्र दिसते, कारण हायपोमेनिया स्वतःला दिसत नाही. काय सांगायचे, काय नाही हे आधी ठरवून घ्या आणि ते थेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्या.

पूर्ण कुटुंबकेंद्री थेरपी ९ महिन्यांत २१ सेशन्सची असते: आधी आजाराची ओळख, मग बोलण्याचा सराव, मग प्रश्न सोडवण्याचा. यातला बोलण्याचा सराव वरकरणी बालिश वाटतो. पण जिथे टीका आणि टोमणे जास्त, तिथे आजार जास्त वेळा उलटतो, हे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. सराव कसा असतो ते पाहा.

आधी: “गोळी घेतलीस ना? डोळे बघ कसे झालेत. पुन्हा सुरू झालं वाटतं तुझं.” – “मी जरा हसलो की तुला मेनियाच दिसतो, आई.”

नंतर: “काल रात्री दोनला तुझ्या खोलीत दिवा होता, परवाही होता. मला काळजी वाटली. आज झोपेचं कसं करूया?”

काय पाहिले, मला काय वाटले, काय करूया. गोळीबद्दल दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने विचारायचे. चार जणांनी चारदा विचारले की गोळी औषध राहत नाही, भांडणाचा विषय होते.

एका सेशनमध्ये काय होते? किती दिवस जावे लागेल?

साधारण ५० मिनिटे. पहिली दहा मूड, झोप, गोळ्या आणि तक्ता यांना; मग एक किंवा दोन विषय, तिसरा नको; शेवटची दहा पुढच्या आठवड्याचे काम लिहून घ्यायला. लिहूनच घ्या, डिप्रेशनमध्ये आठवण दगा देते. लक्ष टिकत नसेल तर ३० मिनिटांचे सेशन मागायला लाजू नका.

सुरुवातीला दर आठवड्याला, तीन-चार महिन्यांनी पंधरवड्याला, मग महिन्याला. सहा ते नऊ महिने धरून चला. पहिल्या चार-पाच भेटींत ओळख आणि मागच्या एपिसोड्सचा (मेनिया किंवा डिप्रेशनच्या फेऱ्यांचा) कालपट मांडण्यापलीकडे फारसे घडत नाही. नेमके तिथेच बरेच लोक ‘काही फरक नाही’ म्हणून थांबतात.

व्हिडिओवर चालेल का? चालते. फक्त दाराला कडी, कानाला हेडफोन, आणि महिन्यातून एकदा शक्य असेल तर प्रत्यक्ष. आठवडाभर अंघोळ झालेली नाही हे पडद्यावर दिसत नाही.

थेरपिस्ट निवडताना काय विचारावे?

बायपोलरचे किती रुग्ण पाहिले आहेत, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का, मला हायपोमेनिया सुरू झाला तर तुम्ही काय कराल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठोस हवे: कोणाला फोन, किती दिवसांत, सेशनमध्ये काय बदल. ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणणारा थेरपिस्ट कितीही प्रेमळ असला तरी या आजारासाठी नको. गोळ्या सोडायला सांगणारा तर मुळीच नको. डॉक्टर आणि थेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलावे यासाठी तुमची लेखी संमती लागते, ती पहिल्याच भेटीत देऊन टाका.

थेरपीचा उपयोग होत नाही किंवा उलटा होतो, असे कधी घडते?

घडते. पूर्ण मेनियात किंवा भास-भ्रम चालू असताना विचारांवर काम होत नाही, आधी औषधे. खाणे-पिणे थांबले असेल, माणूस बोलायचा बंद झाला असेल तर ते रुग्णालयाचे काम आहे. तिथे ईसीटीसारखे (भूल देऊन मेंदूला नियंत्रित विजेचा झटका देणे) परिणामकारक उपचार आहेत आणि त्यांना घाबरून थेरपीची वाट पाहत बसू नये.

२००६ मधल्या ब्रिटनच्या एका अभ्यासात २५३ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सीबीटी दिली, तर एकूण फरक पडला नाही. बारकाईने पाहिल्यावर १२ पेक्षा कमी एपिसोड झालेल्यांना फायदा दिसला आणि त्याहून जास्त झालेल्यांची स्थिती सीबीटीशिवायच्या लोकांपेक्षा बरी नव्हती, उलट थोडी वाईटच. ही तुलना अभ्यास संपल्यावर केलेली असल्याने त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण जुन्या, वारंवार उलटणाऱ्या आजारात विचारांच्या तपासणीपेक्षा दिनक्रम, औषधांची शिस्त आणि कुटुंब यांवर आधी जोर द्यावा, असे आमचे मत आहे. बालपणीच्या जखमा उकरण्याचे कामही मूड काही महिने स्थिर झाल्यावर. तळाशी असताना ते सुरू केले की झोप जाते, आणि झोप गेली की बाकी सगळे जाते.

मरणाचे विचार येतात. ते थेरपिस्टला सांगितले तर लगेच भरती करतील का?

विचार येणे आणि बेत ठरलेला असणे यात फरक आहे. थेरपिस्ट तो फरक विचारून घेतो आणि बहुतेकदा भरती करावे लागत नाही. न सांगण्यात धोका जास्त. पण बेत, साधन किंवा वेळ मनात ठरली असेल, तर हे वाचणे थांबवा, जवळच्या माणसाला खोलीत बोलवा आणि आपत्कालीन क्रमांकावर, आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाईनवर किंवा जवळच्या रुग्णालयात संपर्क करा. उदास मन आणि खवळलेले शरीर एकत्र असेल, म्हणजे जीव नकोसा पण पाय एका जागी ठरत नाहीत, झोप नाही, विचार धावतात, तर तो मिश्र एपिसोड असू शकतो. अशा वेळी एकटे राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

थेरपीत सुरक्षिततेचा आराखडा शांत वेळी, सहा पायऱ्यांत बनवतात: माझ्या धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि जागा, ज्यांच्याकडे मदत मागेन त्यांची नावे आणि नंबर, डॉक्टर, थेरपिस्ट आणि हेल्पलाईनचे नंबर, आणि घर सुरक्षित करणे. शेवटच्या पायरीत औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात देऊन स्वतःजवळ काही दिवसांच्याच गोळ्या ठेवणे येते. आराखडा एका पानाचा असावा. फोनमध्ये त्याचा फोटो आणि घरच्या एका माणसाकडे प्रत.

आता बरा आहे. थेरपी थांबवू का?

अचानक थांबवू नका, अंतर वाढवत न्या. सेशन महिन्याला, मग तीन महिन्यांनी. तक्ता रोज भरण्याची गरज राहत नाही, पण वर्षातले अवघड आठवडे आधी ओळखून तेवढ्यापुरता तो पुन्हा सुरू करा: परीक्षा, बदली, घरातले लग्न, लांबचा प्रवास, मागच्या वर्षी ज्या महिन्यात मूड पडला तो महिना. एका फाईलमध्ये पूर्वखुणांची यादी, सुरक्षिततेचा आराखडा, औषधांची सध्याची चिठ्ठी आणि भरलेला एखादा चांगला आठवडा ठेवा. पुन्हा आजार उलटला तर नव्या थेरपिस्टला पहिल्या चार भेटींचे काम तयार मिळते. आणि ती फाईल कुठे आहे हे घरात आणखी एकाला माहीत असू द्या.